पक्षी दिसला, पण सांगायचा कसा? शरीर, पिसं आणि वागणं यांची सोपी ओळख

गणपतीच्या सुमारास बांधावर मोर दिसतो आणि त्याच्यामागे पिसारा नसतो. मान तशीच निळीशार, डोक्यावर तुरा तसाच, पण मागून अगदी लांडा. असा फोटो गावाच्या ग्रुपवर आला की दोन प्रश्न हमखास येतात. कुणी पिसं उपटली का? की मोर आजारी आहे? बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर 'नाही' असं असतं. पावसाळा सरता सरता मोर दर वर्षी आपला पिसारा टाकतो आणि पुढच्या काही महिन्यांत नवा उगवतो.

पक्ष्यांबद्दलचे असे प्रश्न आता जास्त ऐकू येतात, कारण पाहणारे वाढले आहेत. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही चार दिवसांची जागतिक गणना होते आणि भारतातले लोक 2013 पासून तिच्यात भाग घेतात. अंगणात, गच्चीत, शाळेच्या मैदानावर कुणीही पक्षी मोजावेत आणि नोंदवावेत, अशी ती सोपी कल्पना आहे. अडचण पुढे येते. पक्षी दिसतो, उडून जातो, आणि शेजारचा विचारतो, "कसा होता?" आपण म्हणतो, "तपकिरी होता. चिमणीपेक्षा मोठा." या वर्णनात महाराष्ट्रातले कितीतरी पक्षी बसतात.

साडीबद्दल बोलताना आपण असं करत नाही. "हिरवी साडी होती" एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. अंग हिरवं, काठ लाल, पदर जरीचा, असं सांगितलं की ऐकणारीच्या डोळ्यांसमोर ती साडी उभी राहते. पक्ष्यालाही असेच काठ आणि पदर असतात. कुठल्या भागावर कुठला रंग आहे हे सांगता आलं की पक्षी ओळखण्याचं बरंचसं काम तिथंच होतं. त्या भागांची नावं, ती तशी का पडली आणि त्यांचा उपयोग काय, हे या लेखात पाहू.

चोचीपासून शेपटीपर्यंत

डोक्यापासून सुरुवात करू. डोळ्याच्या वरून जाणारी फिकट रेघ म्हणजे भुवई. डोळ्यातून आरपार जाणारी, बहुधा गडद रेघ म्हणजे नेत्ररेषा. या दोन्हींत गल्लत फार होते, आणि पर्णवटवट्या या पानाआड फिरणाऱ्या छोट्या हिरवट पक्ष्यांमध्ये तर सगळी ओळख याच दोन रेघांवर आणि पंखावरच्या एखाद्या फिकट पट्टीवर टिकलेली असते. हिवाळ्यात येणाऱ्या एका बदकाच्या नराला अशी ठसठशीत पांढरी भुवई असते की मराठीत त्याचं नावच 'भुवई बदक' आहे.

टिटवीच्या डोळ्यापुढे लाल मांसल पाळी असते, माळटिटवीला तीच पिवळी असते. पिसं नसलेल्या या कातडीच्या पाळीला इंग्रजीत वॉटल म्हणतात. कोंबड्याच्या हनुवटीखाली लोंबतात तेही वॉटलच. शिकारी पक्ष्यांच्या, कबुतरांच्या आणि पोपटांच्या चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती मऊ कातडीचा भाग असतो. त्याला इंग्रजीतून आलेला 'सिअर' हा शब्द सगळे वापरतात. आणि वरची-खालची चोच जिथं मिळते तो चोचीचा कोपरा. पिल्लांचा हा कोपरा बहुतेकदा पिवळाधमक असतो, अंधाऱ्या घरट्यातही आईबापाला घास कुठं द्यायचा ते दिसावं म्हणून. प्रौढ कोतवालाच्या चोचीच्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका असतो. तो आणि लांब, मासोळीसारखी दुभंगलेली शेपूट दिसली की काळ्या कोतवालाबद्दल शंका उरत नाही. हिवाळ्यात येणारा राखी कोतवाल मात्र लाल डोळ्यांवरून ओळखावा.

आता मागच्या बाजूला येऊ, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो. पाठ संपते आणि शेपूट सुरू होते, त्यामधल्या वरच्या भागाला रंप म्हणतात. त्याच्या बरोबर खाली, पोट आणि शेपटीच्या मध्ये, असतो तो व्हेंट. मराठीत सरळ बूड म्हणावं. लालबुड्या बुलबुल घ्या. शहरात, खेड्यात, कुंड्यांच्या गर्दीत, सगळीकडे दिसणारा हा पक्षी. त्याचं बूड लाल आणि रंप पांढरा. तारेवर समोर बसला की लाल दिसतं, पाठ फिरवून उडाला की पांढरं. एकाच पक्ष्याबद्दल दोन माणसं दोन रंग सांगतात आणि दोघंही खरं सांगत असतात. चिरक या छोट्या पक्ष्याचं बूडही तांबूस असतं, पण तो जमिनीवर शेपटी उभी धरून फिरतो म्हणून ते सहज दिसतं. पाकोळ्यांच्या थव्यात वरून पांढरा रंप चमकला तर ती घरांच्या छताला, पुलाखाली घरटी करणारी पाकोळी.

पक्ष्याचा गुडघा उलटा वाकतो का?

नाही. शेकाट्याकडे किंवा रोहित पक्ष्याकडे पाहिलं की पाय मधून मागे दुमडतो असं वाटतं, आणि शाळेतल्या मुलांचा हा पहिला प्रश्न असतो. तो सांधा गुडघा नसून घोटा आहे. पक्षी बोटांवर चालतात. आपल्या तळव्यात जी हाडं असतात तीच त्यांच्यात जुळून, लांब होऊन उभी राहिली आहेत. पक्ष्याचा पाय म्हणून आपण जी काडी पाहतो ती हीच. खरा गुडघा वर, पोटाच्या पिसांत लपलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. पायांची लांबी आणि रंग नोंदवताना हाच उघडा भाग मोजायचा असतो.

पंखात किती प्रकारची पिसं असतात?

पक्ष्याचा पंख म्हणजे हात आहे, आणि हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं. पंजाच्या हाडांना जोडलेली, सगळ्यात टोकाची लांब पिसं म्हणजे प्रायमरी. बहुतेक पक्ष्यांत प्रत्येक पंखाला ती 9 ते 11 असतात. पुढे जाण्याचा जोर त्यांच्यातून मिळतो. मनगट ते कोपर या भागातल्या हाडाला जोडलेली पिसं म्हणजे सेकंडरी, आणि पक्षी हवेत तरंगून राहतो तो त्यांच्यामुळे. त्यांची संख्या पक्ष्याच्या जीवनावर ठरते. एका जागी भिरभिरणाऱ्या हमिंगबर्डला ती 6-7 पुरतात, समुद्रावर तासन्‌तास तरंगणाऱ्या मोठ्या अल्बट्रॉसला 30 हून जास्त लागतात. पंखाच्या पुढच्या कडेला, अंगठ्याच्या जागी, दोन-चार छोट्या पिसांचा झुपका असतो. उतरताना वेग कमी झाला की पक्षी तो उचलतो, त्यामुळे हवेचा प्रवाह पंखाला धरून राहतो आणि पक्षी धाडकन खाली येत नाही. घार गच्चीच्या कठड्यावर बसताना हे दुर्बिणीशिवायही दिसू शकतं.

पंख मिटल्यावर प्रायमरी किती बाहेर डोकावतात, यावरून प्रवासाचा अंदाज बांधता येतो. लांबचं अंतर कापणाऱ्यांचे पंख साधारणपणे लांब आणि टोकदार असतात, एकाच झाडीत जन्म काढणाऱ्यांचे आखूड आणि गोलसर.

उडण्याच्या या मोठ्या पिसांच्या मुळांवर कौलांसारखी रचलेली छोटी पिसं असतात. त्यांना आच्छादक पिसं म्हणतात. हवा आत शिरू नये, पंखाची पाठ गुळगुळीत राहावी, हे त्यांचं काम. शेपटीच्या मुळावरही वरून आणि खालून अशीच आच्छादक पिसं असतात, आणि मोराचं गुपित इथंच आहे. मोराचा पिसारा हा शेपटीचा नाहीच. शेपटीवरची आच्छादक पिसं वाढत वाढत मीटरभराहून लांब झाली आहेत. ती दीडशेच्या आसपास असतात. खरी शेपूट त्यांच्याखाली असते, सुमारे 20 साध्या तपकिरी पिसांची. मोर नाचताना मागच्या बाजूने पाहा. पिसाऱ्याला टेकू देत उभा असलेला जो तपकिरी पंखा दिसतो ती शेपूट. म्हणून पिसारा झडला तरी मोर उडू शकतो, झाडावर चढून बसू शकतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोराच्या पिसांना व्यापारबंदीतून सूट देताना त्यांना 'शेपटीची पिसं' असंच म्हटलं आहे. सूट देण्यामागचा विचार झडलेल्या पिसांचा. मोर स्वतः पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला मारणं हा गंभीर गुन्हा आहे. झडलेलं आणि उपटलेलं पीस ओळखता येतं. झडलेल्याचं मूळ कोरडं आणि स्वच्छ असतं, उपटलेल्याच्या मुळाशी रक्तामांसाचा अंश राहतो. पिसांची जुडी विकत घेणाऱ्यांनी एकदा ते टोक जरूर पाहावं.

पिसं बदलतात म्हणजे नेमकं काय होतं?

पूर्ण वाढलेलं पीस मृत असतं. ते केराटिनचं बनतं, आपल्या नखा-केसांचं द्रव्य असतं तशाच जातीच्या प्रथिनाचं. मधल्या कण्याला दोन्ही बाजूंनी बारीक तंतू, तंतूंना आणखी बारीक उपतंतू, आणि उपतंतूंना सूक्ष्म आकडे. हे आकडे एकमेकांत अडकले की पिसाचा सपाट पडदा तयार होतो. पक्षी दिवसभर चोचीने पिसं ओढताना दिसतो तेव्हा तो हे सुटलेले आकडे पुन्हा बसवत असतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतलं तेलही चोळत असतो. या सगळ्या व्यवहाराला पिसं साफ करणं म्हणू, त्यासाठी वेगळ्या शब्दाची गरज नाही.

पण झिजलेलं पीस भरून येत नाही. म्हणून जुनी पिसं गळून नवी येतात. याला मोल्ट म्हणतात, मराठीत पीसबदल म्हणता येईल. बहुतेक पक्षी उडण्याची पिसं जोडीजोडीने टाकतात, डाव्या पंखातलं एक आणि उजव्यातलं तेच. त्यामुळे तोल जात नाही. उडत्या घारीच्या किंवा कावळ्याच्या दोन्ही पंखांत सारख्याच जागी खाच दिसली तर समजावं की पीसबदल चालू आहे. एकाच पंखात वेडीवाकडी खाच असेल तर इजा असण्याची शक्यता जास्त.

हा फरक संक्रांतीच्या दिवसांत फार महत्त्वाचा ठरतो. मांजाने घारीच्या पंखाची पिसं मधून कापली जातात तेव्हा जखम भरते, पिसं भरत नाहीत. मुळासकट निघालेल्या पिसाच्या जागी नवं पीस लवकर येतं, पण अर्धं तुटलेलं पीस तसंच अडकून राहतं आणि पुढच्या पीसबदलाची वाट पाहतं. त्याला कित्येक महिने लागू शकतात. "जखम बरी झाली, मग सोडत का नाही?" असं पक्षी उपचार केंद्रांना विचारलं जातं, त्याचं कारण बहुतेकदा हे असतं. काही ठिकाणी तुटक्या पिसाच्या कण्यात दुसऱ्या घारीचं गळलेलं पीस बसवतात. बहिरी ससाणे पाळणाऱ्यांची ही फार जुनी युक्ती आहे.

उत्तरेकडून येणाऱ्या बदकांची रीत निराळी. ती उडण्याची सगळी पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. या काळात नराचे भडक रंग जीवावर उठले असते, म्हणून तो मादीसारखा मातकट होतो. या तात्पुरत्या वेशाला एक्लिप्स पिसारा म्हणतात. थापट्या आणि तलवार बदकं सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या तलावांवर उतरतात तेव्हा कित्येक नर अजून याच वेशात असतात. "यंदा सगळ्या माद्याच आल्या" अशी जी चर्चा होते तिचं मूळ इथं आहे. डिसेंबरपर्यंत तेच नर रंगून निघतात.

रंग सांगितला की झालं ना?

रंग सगळ्यांना आधी दिसतो, म्हणून सगळे आधी रंग सांगतात. माझ्या मते रंग शेवटी सांगावा. त्याची कारणं बरीच आहेत.

पहिलं कारण म्हणजे ऋतू. जून-जुलैत गायबगळ्याचं डोकं, मान आणि पाठ केशरी होते आणि हिवाळ्यात तोच पक्षी पांढराशुभ्र असतो. ओढ्याकाठचा मातकट वंचक विणीच्या काळात पाठीवर गडद किरमिजी होतो. सुगरणीचा नर पावसाळ्यात पिवळा टोप घालतो, इतर वेळी तो चिमणीच्या थव्यात हरवून जाईल. जांभळ्या शिंजिराचा नर वीण संपली की पिवळट होतो आणि गळ्यापासून छातीपर्यंत एक काळपट रेघ तेवढी उरते. वर्षातून दोनदा पीसबदल करणाऱ्या पक्ष्यांत असे दोन वेश दिसतात. पक्षीतज्ज्ञ त्यांना विणीचा पिसारा आणि विणीबाहेरचा पिसारा म्हणतात.

चिमण्याची गोष्ट याहूनही नवलाची आहे. त्याच्या गळ्यावरचा काळा डाग वसंतात ठळक होतो, पण त्यासाठी तो पिसं बदलत नाही. पावसाळ्यानंतर आलेल्या नव्या पिसांची टोकं फिकी असतात आणि खालचा काळा रंग झाकतात. हिवाळाभर ती टोकं झिजतात आणि विणीच्या वेळेला नेमका काळा डाग उघडा पडतो. झिजेतून सजणारा हा पक्षी आपल्या वळचणीला राहतो आणि आपण त्याच्याकडे पाहत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरं कारण वय. ब्राह्मणी घार म्हणजे पांढरं डोकं आणि विटकरी अंग, हे कोकणात लहान मुलालाही माहीत असतं. पण तिचं पहिल्या वर्षातलं पिल्लू तपकिरी असतं आणि साध्या घारीत सहज खपून जातं. तिथं रंग सोडावा आणि शेपटीचा आकार पाहावा. साध्या घारीच्या शेपटीला मध्ये खाच, ब्राह्मणी घारीची शेपूट गोल. वळताना घारीने शेपूट पूर्ण पसरली की खाच जवळजवळ सपाट होते, म्हणून शेपूट मिटेपर्यंत थोडं थांबावं. पोपटाच्या गळ्यातला कंठा नराला असतो हे खरं, पण तोही वयात आल्यावर. कंठा नाही म्हणजे मादीच, असं ठामपणे सांगता येत नाही.

नर आणि मादी वेगळे दिसणं, याची सवय आपल्याला कोकिळेमुळे आहे. काळाकुट्ट नर, अंगभर ठिपके असलेली तपकिरी मादी, आणि वसंतात 'कुहू' घालतो तो नर. पण नर नेहमीच जास्त सुंदर असतो हा समज पाणलाव्याने खोडून काढावा. दलदलीत राहणाऱ्या रंगीत पाणलाव्याची मादी जास्त रंगीत असते. ती एकाहून अधिक नरांशी जोडी करते, आणि अंडी उबवण्याचं, पिल्लं सांभाळण्याचं काम नर करतो. जो घरट्यावर बसतो त्याला लपावं लागतं. रंगाचा हिशेब इथून सुरू होतो.

स्वर्गीय नर्तक या पक्ष्याच्या बाबतीत वय, लिंग आणि ऋतू तिन्ही लावूनही पुरत नाही. त्याचे लांब शेपटीचे प्रौढ नर पांढरेही असतात आणि तांबूसही. एकाच जातीतल्या अशा कायम फरकाला रूपभेद म्हणतात.

आणि शेवटी रंग तयार कसा होतो तेही पाहिलं पाहिजे. काळा-तपकिरी रंग मेलॅनिनचा. ते पिसाला मजबुतीही देतं, म्हणून कितीतरी पांढऱ्या पक्ष्यांच्या पंखांची टोकं काळी असतात, कारण झीज तिथं जास्त होते. रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग अन्नातून येतो. ठाण्याच्या खाडीत तो जे शेवाळ आणि बारीक जीव खातो त्यांतली रंगद्रव्यं त्याच्या पिसांत उतरतात, आणि म्हणून त्याची पिल्लं राखाडी असतात. नीलपंखाच्या निळ्या रंगाचं मात्र रंगद्रव्यच नसतं. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश असा विखुरतो की आपल्याला निळं दिसतं. शिंजिराची झळाळीही प्रकाशाच्या कोनावर चालते. ऊन नसेल तर तो सरळ काळा दिसतो. सावलीतला एखादा फोटो पाहून "नवीन काळा पक्षी" जाहीर करण्याआधी हे आठवावं.

वागण्यावरून काय कळतं?

पुष्कळ कळतं, आणि लांबून कळतं. शेपूट सतत खालीवर हलते का, उड्या मारतो की चालतो, उडताना पंख सलग मारतो की मध्ये मिटतो. या सगळ्यातून पक्ष्याची जी एक ढब तयार होते तिच्यावरून सरावलेली माणसं पाठमोरा पक्षीही ओळखतात.

काही वागण्यांना ठरलेली नावं आहेत, कारण ती जगभर सारखीच दिसतात. एका घारीमागे चार कावळे आणि एक कोतवाल लागलेला आपण नेहमी पाहतो. छोट्यांनी मिळून मोठ्या शिकाऱ्याला पिटाळणं याला मॉबिंग म्हणतात. घरट्याजवळ गेलं की काही पक्षी पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत दूर जातात आणि शत्रूला मागे ओढून नेतात. टिटवीही डोक्यावर घिरट्या घालत, ओरडत, चुकीच्या दिशेला बसत माणसाला हुलकावणी देते. तिने असं केलं की आपण पुढे न जाता मागे वळायचं, कारण उघड्या रानात, खड्यांमध्ये तिची अंडी असतात आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. एप्रिलच्या उन्हात हीच टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार करते. माळावरचा पखुर्डीचा नर तर पोटाच्या पिसांत पाणी धरून ते मैल दोन मैल लांबच्या पिल्लांना पाजतो.

रोजच्या उपयोगाचा फरक पिल्लांचा आहे. टिटवीची, कोंबडीची, मोराची पिल्लं अंड्यातून निघताच डोळे उघडे, अंगावर लव, आणि काही तासांत चालायला तयार. बुलबुलाची, साळुंकीची, कावळ्याची पिल्लं उघडी, आंधळी आणि सर्वस्वी परावलंबी. या दुसऱ्या प्रकारात दोन टप्पे ओळखता यायला हवेत. अंगावर पिसं नसलेलं घरट्यातलं पिल्लू खाली पडलं असेल तर ते उचलून पुन्हा घरट्यात ठेवावं. माणसाचा वास लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. पण पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं पिल्लू हे घरटं सोडून बाहेर पडलेलं असतं. त्याचे आईबाप जवळच असतात आणि त्याला तिथंच भरवतात. दर उन्हाळ्यात अशी धडधाकट पिल्लं लोक मायेने खोक्यात घालून नेतात. मांजर-कुत्रं किंवा रस्ता असेल तर त्याला उचलून शेजारच्या झुडपावर ठेवावं आणि दूर व्हावं. इतकंच पुरतं.

मोबाइलवरचं ॲप ओळखतंच की, मग हे सगळं कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. 'मर्लिन'सारखी ॲप फोटोवरून आणि आवाजावरून पुष्कळदा बरोबर नाव देतात, आणि नवशिक्याने ती जरूर वापरावीत. पण ॲप उत्तर सुचवतं. ते पडताळायचं कसं? एक्लिप्समधलं बदक, सावलीतला शिंजीर, तपकिरी ब्राह्मणी घार, अशा वेळी दोन-तीन नावं पुढे येतात आणि निवड आपल्यावर राहते. शिवाय पक्षी फोटोसाठी थांबतोच असं नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर एखादी दुर्मीळ जात नोंदवली की तपशील मागितला जातो आणि एक माणूस तो वाचून नोंद मान्य करतो. त्या चौकटीत "मी पाहिला" एवढंच लिहून भागत नाही.

या नोंदींचं पुढे काय होतं तेही मोठं आहे. 2023 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात 942 जातींचा आढावा घेतला गेला. त्याला आधार होता 30,000 हून अधिक पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींचा. 178 जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं त्यातून ठरलं. ही गणती गच्चीवर आणि बांधावर उभ्या राहिलेल्या माणसांच्या वर्णनावर टिकली आहे.

आणि नुसत्या वर्णनाची ताकद पाहायची तर रानपिंगळ्याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. 1873 मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी या छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर थोडेच नमुने मिळाले, आणि 1884 नंतरची खात्रीची नोंद नव्हती. 1914 चा म्हणून दाखवला जाणारा नमुना संग्रहालयातून चोरून, खोटी माहिती चिकटवून ठेवलेला निघाला. पामेला रासमुसेन या पक्षीतज्ज्ञांनी संग्रहालयांतले नमुने शेजारी ठेवून तपासले आणि गावोगाव दिसणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्यापेक्षा हा कुठं कुठं वेगळा आहे ते नोंदलं. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत. पंखांवर आणि शेपटीवर ठळक रुंद पट्टे. पोटाचा खालचा भाग कोरा पांढरा. पायांवर दाट पांढरी पिसं, थेट बोटांपर्यंत. ही खूणगाठ मनात घेऊन त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट भारतात आले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या फांदीवर तो भरदिवसा बसलेला दिसला. 113 वर्षांनी. नुसतं "छोटं तपकिरी घुबड" म्हटलं असतं तर तो पिंगळा म्हणून गेला असता, आणि आधी कितीदा तसा गेला असेल.

पुढे तो मेळघाटात, यावल भागात, मध्य प्रदेशात आणि गुजरातेत सापडला. 2014 मध्ये मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यातही.

नेमकं कळलंच नाही तर?

तरीही नोंद करावी, पण जेवढं दिसलं तेवढीच. माझा क्रम असा आहे: आधी आकार, ओळखीच्या पक्ष्याशी ताडून, चिमणी, साळुंकी, कावळा की घार. मग चोचीची ठेवण आणि शेपटीचा आकार. मग भुवई, नेत्ररेषा, पंखपट्टी, रंप, बूड यांपैकी जे दिसलं ते. मग तो काय करत होता आणि कुठं होता, पाण्यात, जमिनीवर, झाडाच्या शेंड्यावर की खोडावर. रंग सगळ्यांत शेवटी, आणि ऊन समोरून होतं की पाठीमागून हेही सोबत.

हे सगळं पक्षी समोर असतानाच वहीत उतरवावं किंवा मोबाइलमध्ये बोलून ठेवावं. पुस्तक नंतर उघडावं. आधी पुस्तक उघडलं की चित्रातली भुवई आपण पाहिलेल्या पक्ष्यावर आपोआप येऊन बसते. ई-बर्डवर जात ठरत नसेल तर नुसता गट लिहिण्याची सोय आहे. झाडाच्या शेंड्यावर पानाआड भिरभिरणारा हिरवट पक्षी पाहिला, भुवई दिसली, पण पंखपट्टी दिसली नाही, तर 'पर्णवटवट्या, जात अनिश्चित' असं लिहावं. तीही पक्की नोंद असते.